कडक भाकरी, परदेशी बाजार आणि पाकिटावरचा शब्द



बचत गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "सोलापूरची कडक भाकरी परदेशात जाते म्हणतात. मग ती आपणच का पाठवू नये?" विचारणाऱ्या कधी पारधी वस्तीवरच्या भगिनी असतात, कधी कुंभारीच्या घरकुलात विड्या वळणाऱ्या. प्रश्न अगदी रास्त आहे. भाकरी पाठवता येते, तिला तिथे गिऱ्हाईकही आहे. मात्र ते गिऱ्हाईक नेमके काय विकत घेते हे आधी समजून घ्यावे लागते. आपले पुष्कळ हितचिंतक या कामाला हातभार लावू इच्छितात. त्यांनाही या धंद्याची पुरती कल्पना यावी म्हणून हा लेख.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारी आहे. विडी कामगार स्त्रियांसाठी बांधलेले 10,000 घरांचे गोदूताई परुळेकर घरकुल याच गावच्या हद्दीत उभे राहिले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचा रे नगर प्रकल्प इथेच झाला आणि त्यातल्या 15,000 घरांचे वितरण 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. घर मिळाले, पण घरातल्या बाईच्या हाताला काम कोणते, हा प्रश्न उरलाच. विडीची मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते आणि तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते. भाकरीचे काम मात्र इथल्या बहुतेक हातांना लहानपणापासून येते. म्हणून साऱ्यांची नजर भाकरीकडे वळली, यात नवल नाही.

गहू कोणाला चालत नाही?

परदेशातील मराठी आणि कन्नड घरांत कडक भाकरी आवडीने खाल्ली जाते. गावाची आठवण म्हणून ती विकत घेणारे हे गिऱ्हाईक जुने आहे. दुसरे गिऱ्हाईक मात्र त्याहून मोठे आणि फार वेगळे आहे. त्याने सोलापूरचे नावही ऐकलेले नसते. त्याला गहू चालत नाही, एवढ्याच कारणाने तो आपल्या पाकिटाकडे वळतो.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सीलिॲक नावाच्या आजारात हे ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला चढवते. अस्तर झिजते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मूल खुरटते, जुलाब होतात, रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि उत्तर भारतातील पाहणीतही जवळपास हेच प्रमाण आढळले आहे. त्यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे जन्मभर ग्लुटेन टाळणे.

हा संबंध कसा उमगला तेही जाणून घेण्यासारखे आहे. विलेम डिके नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ होते. अशा मुलांना गहू बाधत असावा, असा त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. इतर मुले उपासमारीने खंगत होती, पण ही आजारी मुले सुधारताना दिसली. युद्ध संपल्यावर पाव परत आला आणि त्यांचे दुखणेही परतले. पुढे डिके यांनी काळजीपूर्वक प्रयोग करून 1950 मध्ये आपला प्रबंध मांडला. आजचा सगळा ग्लुटेनमुक्त बाजार या शोधावर उभा आहे.

सीलिॲक आणि ॲलर्जी एक नव्हेत, हेही इथेच सांगायला हवे. सीलिॲकमध्ये नुकसान हळूहळू आणि आतून होते. ॲलर्जीत मात्र काही मिनिटांतच अंगावर पित्त उठते, घसा सुजतो, श्वास अडकतो आणि वेळेवर इंजेक्शन मिळाले नाही तर जीवही जातो. गव्हाची ॲलर्जी असते, तशीच शेंगदाण्याची, तिळाची, दुधाची, अंड्याचीही असते. "ॲलर्जी असणाऱ्यांना चालेल असे" म्हणून पदार्थ विकणाऱ्या बेकरीला हे सगळेच ध्यानात ठेवावे लागते.

ज्वारीत काय वेगळे आहे?

ग्लुटेन म्हणजे काय, हे आपल्या भगिनींना पुस्तकाशिवाय समजते. कणीक मळली की ती ताणली जाते, तिची पोळी लाटता येते. ज्वारीचे पीठ तसे ताणले जात नाही. म्हणून आपण त्यात आधणाचे पाणी घालतो. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि त्या चिकटपणावर भाकरी थापली जाते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरीच्या कडा फाटतात. ही सगळी कसरत करावी लागते, कारण ज्वारीत ग्लुटेन नाही. जे इतके दिवस उणे वाटत होते, त्यालाच आज परदेशी बाजारात भाव आहे. सीलिॲक असलेल्यांना ज्वारी चालते का, याची तपासणी इटलीत नेपल्स येथे झाली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्वारी त्यांना बाधली नाही, असे दिसले.

ज्वारीच्या बाबतीत सोलापूर जिल्हा भाग्यवान आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी बहुतेक करून पडलेल्या पावसाच्या ओलीवरच येते. या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मालदांडी 35-1 हा प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेला आहे. रब्बी ज्वारीवर काम करणारे राष्ट्रीय पातळीवरचे केंद्रही सोलापुरातच आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ज्वारीचे नाव बाहेरच्या जगातही अधिक ऐकू येऊ लागले.

कडक भाकरीचा आणखी एक मोठा गुण आहे. पातळ थापून, भाजून, पूर्ण वाळवलेल्या भाकरीत पाण्याचा अंश इतका कमी उरतो की तिला बुरशी धरत नाही. नीट बंद केलेल्या पाकिटात ती महिनोन् महिने टिकते. पावाला हे जमत नाही. जहाजाने काही आठवडे प्रवास करणाऱ्या मालाला याहून चांगला गुण कोणता?

एक चमचा पीठ

इथपर्यंत ऐकले की सगळ्यांना वाटते, ज्वारी आपली, हात आपले, आता पाकिटावर "ग्लुटेनमुक्त" छापले की झाले. खरे काम इथूनच सुरू होते.

"ग्लुटेनमुक्त" या शब्दाला कायद्याने माप ठरवून दिले आहे. एक किलो पदार्थात ग्लुटेन 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, युरोपीय संघाचे आणि अमेरिकेचे माप हेच आहे. काही खासगी प्रमाणपत्रांचे माप 10 मिलिग्रॅम आहे. ऑस्ट्रेलियात तर नियम असा की चाचणीत ग्लुटेन आढळताच कामा नये.

20 मिलिग्रॅम म्हणजे किती? गव्हाच्या पिठात साधारण आठ ते दहा टक्के ग्लुटेन असते. त्या हिशेबाने 10 किलो ज्वारीच्या पिठात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम गव्हाचे पीठ मिसळले, तरी आपण मर्यादेच्या काठावर जाऊन उभे राहतो. दाण्यांचा हिशेब याहून बोलका आहे. एक किलो मालदांडीत सुमारे 30 हजार दाणे भरतात. त्यांत गव्हाचे पाच-सहा दाणे राहून गेले, तरी 20 मिलिग्रॅम भरू शकतात.

आता ज्वारी शेतातून आपल्या परातीत कशी येते ते पाहा. रब्बीत गहू आणि ज्वारी यांची सुगी मागेपुढेच येते आणि दोन्हींची मळणी बहुधा एकाच यंत्रावर होते. गव्हाचे रिकामे बारदान झटकून त्यात ज्वारी भरली जाते. मग ती गावच्या गिरणीत जाते. आधीच्या बाईचे गहू दळून झाले की त्याच दगडांवर आपली ज्वारी पडते. दगडांच्या खाचांत आणि पिठाच्या पिशवीत किती गहू अडकून राहिला, हे कोणीच पाहत नाही. घरी आल्यावर पोळ्यांच्याच परातीत भाकरीचे पीठ मळले जाते. एवढे झाल्यावर ही भाकरी तुम्ही-आम्ही खाल्ली तर काहीही बिघडत नाही. सीलिॲक असलेल्या मुलासाठी मात्र ती ग्लुटेनमुक्त राहिलेली नसते, मग पाकिटावर काहीही छापलेले असो.

म्हणून या धंद्यातली पहिली खरेदी भाकरी करण्याच्या यंत्राची नसावी. फक्त ज्वारी दळणारी स्वतंत्र घरघंटी किंवा लहान गिरणी आधी घ्यावी, आणि तिच्यात गव्हाचा दाणाही जाऊ देऊ नये. त्यासोबत पुढची शिस्त पाळावी लागते.

1. ज्वारी शक्यतो ठरलेल्या शेतकऱ्यांकडून घ्यावी. मळणीआधी यंत्र साफ करण्याची अट आधीच बोलून ठेवावी. पोती नवी वापरावीत.

2. दळण्यापूर्वी ज्वारी चाळावी आणि हाताने निवडावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण परदेशी मालाची खरी राखण इथेच होते.

3. कामाची खोली वेगळी हवी. तिथे गव्हाचे पीठ, पाव, बिस्किटे, डब्यातली पोळी काहीही येऊ नये. जेवण बाहेर करावे. पुन्हा आत येताना हात धुऊन कामाचा एप्रन बांधावा. घरी पोळ्या करताना नेसलेले लुगडे किंवा ओढणी पिठाने भरलेली असू शकते, याची आठवण ठेवावी.

4. परात, तवा, उलथणे, चाळणी, फडकी यांना एकाच रंगाची खूण करावी. खुणेचे भांडे खोलीबाहेर जाऊ नये आणि बाहेरचे भांडे आत येऊ नये.

5. भाकरीत मसाला घालायचा असेल तर तो तपासून घ्यावा. बाजारात मिळणाऱ्या बांधणी हिंगात बहुधा मैदा असतो. चिमूटभर हिंगाने सगळे कष्ट पाण्यात जाऊ शकतात.

6. प्रत्येक दिवसाच्या मालाला घाणा क्रमांक द्यावा. कोणाची ज्वारी, कधी दळली, कोणी भाजली, कोणत्या पाकिटांत भरली, हे वहीत लिहावे. तक्रार आली तर त्या दिवसाचाच माल परत मागवता येतो. वही नसेल तर सगळाच माल बुडतो.

7. ठरावीक काळाने नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवाल जपून ठेवावा. जागेवर झटपट तपासण्यासाठी पट्ट्याही मिळतात. त्या रोजच्या कामाला उपयोगी पडतात, पण प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेत नाहीत.

शेंगाचटणीचे काय करायचे?

सोलापुरात कडक भाकरी म्हटली की शेंगाचटणी आलीच. पाहुण्याला दोन्ही एकत्र बांधून देणे ही आपली रीत आहे. पण शेंगदाणा हा ॲलर्जीच्या पदार्थांतला सर्वांत धोक्याच्या गटातला पदार्थ आहे. ज्याला गहू चालत नाही त्याला शेंगदाणा चालतो की नाही, ते आपल्याला ठाऊक नसते. एकाच खोलीत एका बाजूला भाकरी आणि दुसऱ्या बाजूला चटणीचे कांडप चालले, तर भाकरीवर दाण्याचा अंश बसणारच. बाजरीच्या भाकरीवरच्या तिळाचेही तसेच आहे.

प्रत्येक देशाची यादी वेगळी आहे. भारतात 2020 च्या लेबल नियमांनुसार ग्लुटेनची धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणा व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक मर्यादेवरचे सल्फाइट असे गट जाहीर करावे लागतात. या यादीत तीळ नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा नववा पदार्थ म्हणून यादीत आला. युरोपीय संघाच्या आणि ब्रिटनच्या यादीत 14 गट आहेत आणि त्यांत तिळासोबत मोहरीही आहे. आपल्या फोडणीतली मोहरी तिथे ठळक अक्षरांत छापावी लागते. म्हणजे इथे कायदेशीर असलेले लेबल तिथे बेकायदा ठरू शकते.

हे नियम कोरडे कागद नाहीत. ब्रिटनमधील नताशा एडनान-लापेरूस ही 15 वर्षांची मुलगी 2016 मध्ये विमानप्रवासाआधी घेतलेला पाव खाऊन दगावली. पावाच्या पिठात तीळ मिसळलेले होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून तिथे दुकानातच बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवरही सर्व घटक व ॲलर्जीचे पदार्थ छापणे सक्तीचे झाले. या कायद्याला तिचेच नाव पडले. आपल्या परातीतले चार तीळ म्हणजे काय, हे गटाला समजावताना ही हकिकत जरूर सांगावी.

तेव्हा मार्ग दोनच उरतात. चटणी वेगळ्या जागी, वेगळ्या हातांनी, वेगळ्या दिवशी करायची आणि वेगळ्या पाकिटात विकायची. नाहीतर भाकरीच्या पाकिटावर "शेंगदाणा व तीळ हाताळणाऱ्या जागेत तयार केलेले" असे स्पष्ट लिहायचे आणि काही गिऱ्हाइके सोडून द्यायची. दुसरा मार्गही प्रामाणिक आहे. सर्वांना चालेल असे अन्न जगात नसते. पाकिटावर जे लिहिले ते आत असावे, आणि जे लिहिले नाही ते आत नसावे, एवढेच आपल्या हाती आहे.

परदेशाची वाट, पायरीपायरीने

परदेशी माल पाठवण्याची घाई करू नये. पहिली पायरी सोलापूर, पुणे, मुंबई हीच असावी. सीलिॲकची मुले आपल्याकडेही आहेत आणि त्यांच्या आया अशा भाकरीच्या शोधात असतात. पोटाच्या विकारांचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्यामार्फत त्यांच्यापर्यंत पोचता येते. सहा महिने, वर्षभर हा माल विकला की गटाला शिस्त अंगवळणी पडते, चाचण्यांचे अहवाल साठतात आणि माल किती दिवस कुरकुरीत राहतो हे प्रत्यक्ष कळते.

दुसरी पायरी निर्यात व्यापाऱ्यामार्फत पाठवण्याची. त्याच्याकडे परवाने असतात, परदेशातील दुकानदारांशी ओळख असते आणि अनेकांचा माल एकत्र करून तो एका कंटेनरमध्ये भरतो. कुंभारीपासून न्हावा शेवा बंदर सुमारे 400 किलोमीटर आहे. लहान गटाला सबंध कंटेनर भरणे शक्य नसते. व्यापारी आपला नफा काढतो, पण गटाला शिकायला मिळते. थोडा माल किंवा नमुने पाठवायचे असतील तर टपाल खात्याने 2022 पासून सुरू केलेली डाकघर निर्यात केंद्रे उपयोगी पडतात.

तिसरी पायरी स्वतःच्या नावाने निर्यात करण्याची. त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना लागतो. परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो आणि त्याचे शुल्क 500 रुपये आहे. बेकरीचे पदार्थ अपेडाच्या यादीत येतात, म्हणून तिथेही नोंदणी करावी लागते. जगभरच्या सीमाशुल्क खात्यांत पाव, बिस्किटे आणि तत्सम पदार्थांचा गट 1905 या क्रमांकाने ओळखला जातो. आपली भाकरी बहुधा त्यातच बसते, पण नेमका उपक्रमांक जाणकाराकडून ठरवून घ्यावा.

अमेरिकेला माल पाठवायचा तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे कारखान्याची नोंदणी करावी लागते, तिथे एक प्रतिनिधी नेमावा लागतो आणि प्रत्येक वेळी माल पोचण्याआधी पूर्वसूचना द्यावी लागते. या नोंदणीला सरकारी शुल्क नाही आणि ते प्रशासन नोंदणीचे प्रमाणपत्रही देत नाही. तेव्हा "एफडीए सर्टिफिकेट काढून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्यापासून गटांनी सावध राहावे. तिथल्या आयातदारावरही पुरवठादाराची पडताळणी करण्याची कायदेशीर जबाबदारी असते. त्यामुळे तो आपली वही मागणारच. परदेशी पाहुणा येईल, गिरणी उघडून पाहील, बाईला थेट प्रश्न विचारील. त्याची तयारी आधीपासून हवी.

खर्चाचा हिशेब थोडा वेगळा चालतो. चाचणी, नोंदणी, लेबलाची छपाई हे खर्च पाकिटांच्या संख्येवर अवलंबून नसतात. समजा, एका घाण्याच्या चाचणीला क्ष रुपये लागले. तो घाणा 50 पाकिटांचा असेल तर दर पाकिटावर मोठा बोजा पडतो, 5,000 पाकिटांचा असेल तर तोच बोजा शंभरपट कमी होतो. म्हणून एकेकट्या गटाने धडपडण्यापेक्षा चार-पाच गटांनी एकच गिरणी, एकच खोली आणि एकच वही धरणे शहाणपणाचे ठरते. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात प्रशासनाने महिला गटांची रोट्टी एका नावाखाली बाजारात आणली आहे. त्यातूनही शिकता येईल. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि बचत गटातील सभासदामागे 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद ठेवलेली आहे. चालू नियम जिल्हा कृषी कार्यालयात विचारून घ्यावेत.

एक साधी अडचण शेवटी सांगतो. कडक भाकरी मोडते. घरी मोडली तर आमटीत कुस्करून खाता येते. परदेशी दुकानात चुरा झालेले पाकीट कोणी उचलत नाही. म्हणून निर्यातीसाठी तळहाताएवढ्या लहान, सारख्या आकाराच्या भाकऱ्या कराव्यात, त्या घट्ट रचून कडक खोक्यात भराव्यात आणि पाठवण्याआधी ते खोके एसटीने सोलापूर-पुणे असे नेऊन आणून पाहावे. भाकऱ्या आमच्या रस्त्यांवर टिकल्या तर पुढेही टिकतील.

शब्दाची किंमत

या धंद्यात फायदा कोणाला होणार, हे आधीच ठरवायला हवे. गटातील स्त्रिया शेकड्याच्या दराने भाकऱ्या भाजत राहिल्या आणि वही, लेबल, गिऱ्हाईक सगळे दुसऱ्याच्या हाती राहिले, तर विडीच्या जागी भाकरी आली इतकेच होईल. ज्वारी निवडणारीलाही वहीतला आकडा वाचता आला पाहिजे. एखादे पोते संशयास्पद वाटले तर "हे दळायचे नाही" म्हणण्याचा अधिकार तिला असला पाहिजे, आणि तसे म्हटल्याबद्दल तिची मजुरी बुडता कामा नये. परदेशातल्या त्या मुलाचे आतडे खरे पाहता या बाईच्या "नाही" म्हणण्यावर सुरक्षित राहते.

पारधी आणि इतर विमुक्त कुटुंबांसाठी यात आणखी काही आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांनी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचे नाही, त्यांच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, पण सोलापुरातली एक वस्ती अजून "सेटलमेंट" याच नावाने ओळखली जाते आणि त्या नावासोबतचा संशयही पुरता गेलेला नाही. आजही वस्तीवरच्या कित्येक भगिनींकडे जन्माचा दाखला नाही, जातीचा दाखला नाही, पत्त्याचा पुरावा नाही. परवान्याच्या अर्जावर त्यांचे नाव घालायचे तर सुरुवात या कागदांपासून करावी लागते. कित्येक ठिकाणी सर्वांत जास्त वेळ यातच जातो.

ग्लुटेनमुक्त भाकरीचा व्यवहार तर पूर्णपणे विश्वासावर चालतो. गहू मिसळला आहे की नाही, ते डोळ्यांनी दिसत नाही, चवीने कळत नाही. लंडनमधली किंवा टोरांटोमधली एखादी आई पाकिटावरचा शब्द वाचते आणि मुलाच्या हातात भाकरी देते. ज्यांच्या शब्दाला कायद्याने ऐंशी वर्षे किंमत दिली नाही, त्यांच्याच लेकीसुनांनी दिलेला हा शब्द असेल. तो पाळला गेला तर गटाला पैसे मिळतील आणि नावही मिळेल. तो एकदा मोडला तर दोन्ही जातील, आणि जुना संशय पुन्हा डोके वर काढील. म्हणून आम्ही गटांना सांगतो की दोन वर्षे उशीर झाला तरी चालेल, पण वहीत एकही दिवस कोरा राहू नये.

आपण काय करू शकता

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांनी या कामासाठी मदतीचा हात पुढे केला आहे. त्यांच्यासाठी काही सूचना.

देणगी द्यायची असेल तर केवळ ज्वारीसाठी राखून ठेवलेली घरघंटी, चाळण्या, प्रयोगशाळेची फी आणि दाखले काढण्याचा प्रवासखर्च यांसाठी द्यावी. परदेशातल्या प्रदर्शनाच्या तिकिटाची वेळ अजून आलेली नाही.

मंडळीत कोणी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, हिशेबनीस किंवा निर्यातीच्या कामाचे जाणकार असतील, तर त्यांचा महिन्यातला एक दिवस गटांना फार मोलाचा आहे.

आपले नातलग परदेशी असतील तर त्यांच्याकडून एवढेच हवे आहे की त्यांनी तिथल्या दुकानातील ग्लुटेनमुक्त पाकिटांची छायाचित्रे पाठवावीत. आकार, किंमत, लेबलावरचा मजकूर यांतून गटाला खूप शिकता येते.

आपल्या मंडळीच्या प्रीतिभोजनात गहू न चालणारे एखादे लेकरू असेल तर विचारपूस करावी. पुष्कळदा अशी मुले काही न बोलता ताट पुढे सरकवतात. त्याच्यासाठी वेगळ्या परातीत, वेगळ्या तव्यावर दोन भाकऱ्या करून पाहा. कुंभारीच्या भगिनींना रोज काय सांभाळावे लागणार आहे, याची कल्पना त्या दोन भाकऱ्यांत येईल.